बाबांचा इन्शुरन्स आणि तुमचं येणं

स्टुटगार्ट, रविवार

आई, बाबा, नमस्कार.

मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं, आणि व्हिडिओ कॉलवर चेहरा उतरलेला दिसतो तो खोलीतल्या दिव्यामुळे, आई तू उगाच काळजी करू नकोस.

बाबा, इथे जर्मनीत तीन आठवडे यायचं तर इन्शुरन्सवर एवढा खर्च कशाला म्हणालात, पण व्हिसाला प्रवासातल्या आजारपणाचा इन्शुरन्स लागतोच, किमान 30,000 युरोचा, शेंगेनच्या, म्हणजे या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या सगळ्या देशांत आणि सगळे दिवस चालणारा. प्रश्न फक्त कुठला काढायचा एवढाच. एजंटने दाखवलेला स्वस्तातला व्हिसापुरता चालेल, पण मी रात्री बसून त्याची पीडीएफ वाचली, आधीपासूनच्या आजाराला त्यात काहीच नाही. तुमचं बीपी आणि गेल्या वर्षी हृदयात बसवलेला स्टेंट म्हणजे आधीचाच आजार ना? मी पाठवलेल्या दुसऱ्यात निदान जिवावर बेतलं तर हॉस्पिटलचा खर्च मिळतो. फॉर्मवर स्टेंट लिहा, गोळ्या लिहा, लपवलं तर क्लेम नाकारायला तेवढंच पुरतं. पैसे मी भरतोय, त्यावर वाद नको. स्टेंटच्या वेळी दादाचा पहाटे फोन आला, मी तिकीट बघत होतो आणि तुम्हीच म्हणालात येऊ नको, सुट्टी घालवू नको. मी ऐकलं. ऐकायला नको होतं.

इथे तर आपल्या हातून दुसऱ्याचं काही मोडलं त्याचाही इन्शुरन्स असतो. घर बघायला गेलो तेव्हा मालकिणीने पगाराआधी तेच विचारलं, मला काही कळेना, मग तिने किल्ली दाखवली, तीच किल्ली खालच्या मोठ्या दाराला आणि तीच फ्लॅटला, हरवली तर अख्ख्या बिल्डिंगची कुलुपं बदलायची आणि खर्च हरवणाऱ्याने द्यायचा. मित्राच्या घरी माझ्या हातून त्याचा लॅपटॉप पडला तर तो शांतपणे म्हणाला, तुझ्या इन्शुरन्सला कळव. आपल्या वाड्यावर शेजारची कपबशी फुटली तर आई दुसऱ्या दिवशी नवी घेऊन जाते, इथे दोघं मिळून फॉर्म भरतात आणि कोणाला वाईट वाटत नाही.

आई, सामानात तूप, पेढे नको, दुधाचं काही आत घेऊ देत नाहीत. मानकुराद आंबेही नको, आंब्याला सर्टिफिकेट लागतं. नारळाला मात्र सूट आहे, विहिरीकडच्या माडाचे दोन सोलून आण. बाबांच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, सोबत डॉक्टरची इंग्रजी चिठ्ठी, त्यात औषधाचं मूळ नाव हवं, कंपनीचं नको. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून देता येतो, शेवटच्या पंधरा दिवसांवर ढकलू नका.

शाकारणीचे पैसे एक तारखेला पाठवतो, पावसाआधी माणसं सांगून ठेवा. आई, म्हापशाच्या स्थळाचा फोटो बघितला, मुलगी चांगली वाटली, पण पुढची दोन वर्षं मी इथेच आहे हे त्यांना आधीच सांग, मग नंबर दे. चवथीला यंदाही जमणार नाही, सगळी सुट्टी तुम्ही याल तेव्हासाठी ठेवलीय. गणपतीच्या वर फळांची माटोळी बांधायला दादाच्या मदतीला कोणीतरी बघा, बाबांनी शिडीवर चढायचं नाही.

तुमचा,
संजू