शिकागोहून पत्र : महापौर निवडताना

शिकागो,
30 एप्रिल 2023

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. पुण्यात गेल्या वर्षीच्या मार्चपासून प्रशासकाचा कारभार आहे, नगरसेवक नाहीत, महापौर नाही, आणि पेठेतली जलवाहिनी फुटली तरी कोणाच्या दारात जाऊन उभे राहायचे ते कळत नाही, असे तू लिहिले आहेस. त्याच पानावर शेवटी विचारले आहेस, की तुमच्याकडे महापौर थेट लोकच निवडतात, तर तिथे माणसाचे मत खरोखर पोचते का? या प्रश्नाने मला चार दिवस स्वस्थ बसू दिले नाही. नुकतीच आमच्याकडे निवडणूक झाली आणि त्या दिवशी मी मतदान केंद्रावर कामाला होतो, म्हणून जे पाहिले ते सविस्तर लिहितो.

आधी पदाविषयी. आपल्याकडे महापौर नगरसेवकांतून निवडला जातो, अडीच वर्षे राहतो आणि कारभाराच्या किल्ल्या आयुक्तांकडे असतात. इथे महापौर चार वर्षांसाठी येतो आणि किल्ल्या त्याच्याच कमरेला असतात. पोलीसप्रमुख तो नेमतो, सरकारी शाळांचे मंडळ आजवर तोच नेमत आला आहे, आणि 16 अब्ज डॉलरहून मोठा अर्थसंकल्प त्याच्या कार्यालयात तयार होतो. शहराचे 50 वॉर्ड आहेत आणि प्रत्येकाचा एक अल्डरमन, म्हणजे आपला नगरसेवकच. महापौरपदाच्या मतपत्रिकेवर पक्षाचे नाव किंवा चिन्ह नसते. पहिल्या फेरीत कोणालाही निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते.

यंदा 28 फेब्रुवारीला नऊ उमेदवार होते. पॉल व्हॅलस यांना सुमारे 33 टक्के मते मिळाली आणि ब्रँडन जॉन्सन यांना 22 टक्क्यांच्या आसपास. विद्यमान महापौर लोरी लाइटफूट 17 टक्क्यांवर तिसऱ्या राहिल्या आणि बाहेर पडल्या. पदावर असलेला महापौर पुन्हा उभा राहून हरला, असे शिकागोत 40 वर्षांनी घडले. व्हॅलस पूर्वी इथल्या सरकारी शाळांचे मुख्य कार्यकारी होते, आणि त्यांचा सगळा भर पोलिसांच्या रिकाम्या जागा भरण्यावर होता. जॉन्सन कृष्णवर्णीय आहेत, ते शाळेत शिक्षक होते, पुढे शिक्षक संघटनेत काम करू लागले. गुन्हेगारीची मुळे दारिद्र्यात आणि बंद पडलेल्या मानसोपचार केंद्रांत आहेत आणि त्यावर खर्च करायचा तर मोठ्या कंपन्यांनी व श्रीमंतांनी जास्त कर द्यावा, हे त्यांचे म्हणणे. 2021 साली या शहरात सुमारे 800 खून झाले होते, तेव्हा हा वाद पुस्तकी नव्हता. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंची माणसे होती, आणि दोन्हीकडे भीती खरी होती.

4 एप्रिलला दुसरी फेरी झाली. मी पहाटे पाचला केंद्रावर पोचलो. एका शाळेची व्यायामशाळा, बास्केटबॉलच्या मैदानावर घडीची टेबले मांडलेली. इथे केंद्रावर काम करणाऱ्याला ‘इलेक्शन जज’ म्हणतात. निवडणूक बिनपक्षी असली तरी जज मात्र दोन्ही पक्षांतून घेतात, म्हणजे एकमेकांवर नजर राहते. सहाच्या आधी मतमोजणी यंत्रातून कागदाची पट्टी काढली, तिच्यावर प्रत्येक नावापुढे शून्य आहे हे सर्वांनी पाहिले आणि खाली सह्या केल्या. माझ्याकडे मतपत्रिका देण्याचे काम होते. प्रत्येक मतपत्रिकेवर जजने स्वतःची आद्याक्षरे लिहायची असतात. ती नसली तर ते मत बाद होऊ शकते. सुधाकर, दुपारपर्यंत बोटे आखडली, पण प्रत्येक वेळी मी अक्षर नीट काढले, कारण माझ्या घाईने एखाद्याचे मत वाया गेले असते तर मला झोप लागली नसती.

मी डेव्हन अ‍ॅव्हेन्यूच्या जवळ राहतो हे तुला ठाऊक आहे. त्या रस्त्याच्या एका तुकड्याला गांधी मार्ग म्हणतात, पुढच्या एका तुकड्याला जिनांचे नाव आहे आणि आणखी एकाला गोल्डा मेयर यांचे. आमच्या काउंटीत मतपत्रिका हिंदीतही द्यावी लागते, कारण इंग्रजी नीट न येणाऱ्या भारतीय मतदारांची संख्या केंद्रीय कायद्याने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेली आहे. अमेरिकन महापौराचे नाव देवनागरीत छापलेले पाहताना अजूनही माझा हात क्षणभर थांबतो. सकाळी दहाच्या सुमारास एक गुजराती आजी नातवाचा हात धरून आल्या. सही जुळवून झाली, मी मतपत्रिका पुढे केली, तर त्यांनी डाव्या हाताची तर्जनी माझ्यासमोर धरली. त्यांना शाई हवी होती. इथे शाई लावत नाहीत, असे मी हिंदीत सांगितले, तेव्हा त्या बोटाकडे बघत जराशा खट्टू झाल्या. नंतर पडद्याआड बराच वेळ उभ्या राहून, एकेक गोल सावकाश भरून त्यांनी मत दिले आणि कागद यंत्राने आत ओढून घेतल्यावरच त्या वळल्या.

आता थोडे मागे जातो, कारण त्याशिवाय मला काय म्हणायचे आहे ते कळणार नाही. 1977 च्या मार्चमध्ये आपण दोघांनी पेठेतल्या वाड्यावाड्यांतून मतदारांच्या चिठ्ठ्या पोचवल्या होत्या. तेव्हा मताचे वय 21 होते आणि आपण विशीच्या आत होतो. पुढे 1982 साली मी इथल्या इलिनॉय इन्स्टिट्यूटमध्ये शिकायला आलो. ती संस्था शहराच्या दक्षिण भागात आहे आणि आजूबाजूला कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती. 1983 च्या फेब्रुवारीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अंतर्गत निवडणुकीत महापौर जेन बर्न आणि रिचर्ड एम. डेली यांच्यात गोऱ्या मतदारांची मते वाटली गेली, आणि कृष्णवर्णीय उमेदवार हॅरॉल्ड वॉशिंग्टन 36 टक्क्यांवर पुढे निघाले. एरवी त्या पक्षाची उमेदवारी मिळाली की महापौरपद मिळाल्यातच जमा असे. या वेळी मात्र पिढ्यान्‌पिढ्या डेमोक्रॅट असलेली माणसे एका रात्रीत रिपब्लिकन बर्नार्ड एप्टन यांच्या मागे गेली, आणि एप्टन यांच्या जाहिरातींत ‘फार उशीर होण्यापूर्वी’ हे शब्द आले. कशाला उशीर, हे कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते.

12 एप्रिल 1983 च्या रात्री वॉशिंग्टन महापौर झाल्याचा निकाल कळला तेव्हा आमच्या वसतिगृहाखालच्या रस्त्यावर मोटारींचे भोंगे पहाटेपर्यंत वाजत होते. प्रयोगशाळेत साफसफाई करणाऱ्या एका वयस्क गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच्या कोटावरचा बिल्ला काढून माझ्या सदऱ्याला लावला. निळी जमीन, पांढरी अक्षरे आणि मागे उगवत्या सूर्याचे किरण. मला मताचा अधिकार नव्हता, तरी त्यांनी तो मला दिला. बिल्ला अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे, टाचणी गंजली आहे.

थेट निवडून आला म्हणजे महापौराला मोकळे रान मिळते, असे मात्र समजू नकोस. 50 पैकी 29 अल्डरमननी एडवर्ड व्हर्डोलियाक या आपल्यातल्याच एकाच्या मागे एकजूट करून वॉशिंग्टन यांच्या नेमणुका अडवून धरल्या. महापौरांचा नकाराधिकार मोडायला 34 मते लागत, ती त्यांच्याकडे नव्हती. त्यामुळे ते महापौरांना काही करू देत नव्हते आणि महापौर त्यांना. न्यायालयाच्या आदेशाने वॉर्डांच्या सीमा बदलून 1986 मध्ये काही जागांवर पुन्हा निवडणूक झाली, तेव्हा ही कोंडी फुटली. 1987 साली वॉशिंग्टन पुन्हा निवडून आले आणि त्याच वर्षी 25 नोव्हेंबरला कार्यालयात काम करत असताना कोसळले, ते गेलेच.

आता मुद्द्याची गोष्ट. ही दोन फेऱ्यांची बिनपक्षी पद्धत राज्याच्या विधिमंडळाने 1995 मध्ये आणली आणि 1999 पासून ती लागू आहे. तिची मागणी वॉशिंग्टन यांच्याच काळात सुरू झाली होती, आणि तीन उमेदवारांत मते फुटून वॉशिंग्टन यांच्यासारखा माणूस पुन्हा येऊ नये हा त्या मागणीमागचा एक हेतू होता, हे इथे उघड बोलले जाते. पण यंदा काय झाले ते पाहा. एकच फेरी असती तर 33 टक्क्यांवर व्हॅलस महापौर झाले असते. दुसरी फेरी होती म्हणून जॉन्सन यांना पाच आठवडे मिळाले. दक्षिण आणि पश्चिम भागांतल्या ज्या कृष्णवर्णीय वॉर्डांनी फेब्रुवारीत लाइटफूट यांना मते दिली होती, तिथल्या दारांत ते पुन्हा गेले, आणि ते वॉर्ड त्यांच्याकडे वळले. तरुण मतदारही फेब्रुवारीपेक्षा जास्त आले. जॉन्सन 52 टक्क्यांनी जिंकले. फरक 26 हजारांच्या थोडा वर. जो नियम एका प्रकारच्या माणसाला रोखायला हवा होता, त्याच नियमाच्या वाटेने तसाच माणूस आत आला. नियम कोणी कशासाठी केला याला महत्त्व आहेच, पण त्याहून जास्त महत्त्व मला, त्या दिवशी घरातून कोण बाहेर पडले, याला द्यावेसे वाटते.

आणि इथेच माझे दुःख आहे. 1983 मध्ये सुमारे 82 टक्के मतदान झाले होते. या एप्रिलमध्ये ते 39 टक्क्यांपर्यंतही जेमतेम पोचले. तेव्हा हरलेल्या एप्टन यांना एकट्यांना जवळजवळ 6 लाख 20 हजार मते होती. यंदा जिंकलेल्या आणि हरलेल्या, दोघांची मिळून 6 लाख 13 हजारांच्या आत आहेत. शहराची वस्ती आजही 27 लाखांच्या आसपास आहे. आमच्या केंद्रावर दुपारी दोन ते चार या वेळेत यंत्राचा आवाज इतक्या अंतराने यायचा, की मी दाराकडे पाहत बसायचो. तुम्हाला मत द्यायची संधीच दिली जात नाही म्हणून तू संतापतोस, आणि इथे ती हातात असून पाचांतले तिघे घरी बसतात. या दोन गोष्टी मला वेगवेगळ्या वाटेनाशा झाल्या आहेत, कारण दोन्हींत शहर थोड्यांच्या हाती जाते.

मी कोणाला मत दिले हे तू विचारणार, म्हणून सांगतो. फेब्रुवारीत मी ज्यांना दिले ते दुसऱ्या फेरीत पोचलेच नाहीत. एप्रिलमध्ये बराच विचार करून जॉन्सन यांना दिले. करांची त्यांची आकडेमोड मला अजून पटलेली नाही. पण ज्या शाळांत सोय नाही तिथे त्यांनी स्वतः शिकवले आहे, हे माझ्या लेखी जड ठरले. 15 मे रोजी त्यांचा शपथविधी आहे.

रात्री सातला दार बंद केले, यंत्रातून शेवटची लांब पट्टी निघाली, आम्ही सर्वांनी तिच्यावर सह्या केल्या. एक प्रत दारावर चिकटवायची असते. ती चिकटवून बाहेर आलो तर रस्त्यापलीकडून एक मुलगा धावत आला, आकडे वाचून मोबाइलवर टिपून घेतले आणि न बोलता पुढच्या केंद्राकडे पळाला. मला आपण दोघे आठवलो.

पुण्याची निवडणूक जाहीर झाली की तारीख लगेच कळव. तिकीट त्या हिशेबाने काढीन. मला तिथे मत नाही, पण तुझ्याबरोबर केंद्राच्या फाटकापर्यंत चालत येईन.

सौ. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दिनकर