तुमच्या फॉगर किटबद्दल तक्रार, रिफंड पाहिजे

नमस्कार,

मी फलोदीहून लिहितेय, राजस्थानातलं फलोदी, जिथे 19 मे 2016 ला 51 डिग्री गेलं होतं. मूळची मी सांगलीकडची, मिस्टर भडल्याच्या सोलर पार्कला कामाला म्हणून चार वर्षं इथे आहोत. परसात चौदा कोंबड्या होत्या, उदयपूरच्या कृषी विद्यापीठाने काढलेली प्रतापधन जात, घरच्या अंड्यांपुरत्या. आता अकरा आहेत, म्हणून हे पत्र.

एप्रिलमध्ये तुमचं 'पोल्ट्री फॉगर किट' मागवलं, पाण्याचं बारीक धुकं सोडून कोंबड्यांची जागा गार ठेवायचं, 6850 रुपये. कंपनी पुण्याची, मराठीत बोलता येईल म्हणून मुद्दाम तुमचं घेतलं. बॉक्सवर मोठ्या अक्षरात '50 डिग्रीपर्यंत चालतं' लिहिलंय. दहा दिवस सकाळ-संध्याकाळ चाललं, पण सकाळी चाललं त्याचं काय कौतुक, सकाळी कोंबडीला त्याची गरजच नसते. खरी वेळ दुपारी 1 ते 5, आणि मे लागल्यापासून नेमका त्याच वेळी तुमचा पंप तापून बंद पडायचा. पाऊण तास थंड झाला की परत सुरू, दहा मिनिटं चालायचा, परत बंद. पंप सावलीत होता, फोटो पाठवलेत. पाइप काळा दिलाय तुम्ही, उन्हात त्यातलं पाणी एवढं तापायचं की पहिला मिनिटभर नोझलमधून चहाइतकं गरम पाणी यायचं, मी हात धरून बघितलाय.

आणि ते धुकं नाहीच मुळी. बारीक धुकं हवेतच विरून जायला पाहिजे, तेव्हा हवा गार होते. तुमच्या 12 व्होल्टच्या पंपाला तेवढं प्रेशरच येत नाही, थेंब पडतात टपटप, खाली भुसा ओला, दोन दिवसांत अमोनियाचा वास सुटला. कोकणात फॉगर लावून फार उपयोग होणार नाही हे मला कळतं, तिथली हवाच दमट, पण इथे मे महिन्यात दुपारची हवा एवढी कोरडी असते की धुतलेली चादर बघता बघता वाळते. म्हणजे पाण्याने गारवा करायला याच्यापेक्षा चांगली जागा नाही, आणि इथेच तुमची वस्तू फेल.

नोझलचं तर सांगायलाच नको. आमच्याकडे बोअरचं पाणी खारं, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, 2200 आलं मोजलं तेव्हा. आठवडाभरात प्रत्येक नोझलच्या तोंडाशी पांढरा क्षार, मी रोज सुई घेऊन बसायची. वॉरंटीच्या कागदात बारीक अक्षरात 'पाण्यामुळे झालेलं चोकअप धरलं जाणार नाही' हे आहे, पण फिल्टर लावा किंवा गोडं पाणी वापरा असं मॅन्युअलमध्ये एका ओळीत तरी लिहायचं होतं ना?

18 मे ला दुपारी अडीचला पंप बंद पडला तेव्हा मी आत होते, अर्ध्या तासाने बाहेर आले. कोंबडीला घाम येत नाही, तोंडाने धापा टाकूनच ती अंगातली उष्णता काढते, तिच्या अंगाचं तापमानच 41 च्या आसपास असतं, मग बाहेर 46-47 झालं की धाप पण पुरत नाही. सगळ्या पंख अंगापासून लांब धरून, चोची उघड्या, गळा थरथरतोय. तिघी आडव्या पडलेल्या, तुरे काळेनिळे. एकीचे पाय साध्या पाण्याच्या टबात धरले, मान हातातच पडली तिची. माझ्या मुलीने तिला पिल्लाची मोठी केली होती.

त्याच संध्याकाळी फोन केला तर तुमच्याकडे फोन घेणारा मुलगा म्हणाला, "ताई, कोंबड्यांना गरमीची सवय होते हळूहळू." होते सवय, 38-40 ची थोडीफार होत असेल, 47 ची होत नाही. हे उत्तर त्याला कोणी शिकवलं ते बघा, पोराची चूक नाही म्हणत मी.

दुसऱ्या दिवसापासून मी गोणपाटं शिवून वाऱ्याच्या बाजूला टांगली, वर छिद्रं पाडलेला पाइप सोडला, मागे जुना टेबल फॅन. बाहेर 46 असताना आत 37. पाणी माठात, त्यात दुपारी बर्फ, खाद्य पहाटे पाचला आणि सूर्य गेल्यावर, म्हणजे पचनाची उष्णता दुपारी नको. अकराच्या अकरा टिकल्या. अंड्यांचं कवच मात्र अजून एवढं पातळ की बोटाने दाबलं की आत जातं, धापा टाकून होतं ते.

मला पूर्ण 6850 रुपये परत पाहिजेत, कुपन नको, एक्स्चेंज नको. बॉक्सवरचं '50 डिग्री' एकतर खरोखर दुपारच्या उन्हात टेस्ट करून लिहा नाहीतर काढा, आणि खाऱ्या पाण्याबद्दल मॅन्युअलमध्ये पहिल्या पानावर लिहा, कारण इथे शेजारी अजून दोन घरांनी माझं बघून तुमचंच किट मागवलंय आणि त्यांना काय सांगू मी.

पंप, पाइप आणि नोझल खोक्यात भरून ठेवलंय. पिकअप कधी पाठवताय ते याच ईमेलवर कळवा, फोन नको, लेखी पाहिजे.

तुमची ग्राहक,
फलोदी