राखेच्या बुधवारची आठवण

मंडळी, येत्या बुधवारपासून ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी (पाम संडेला) मिळालेल्या झावळ्या अजून कुणाच्या घरी क्रुसामागे खोचलेल्या असतील तर रविवारच्या मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) आणा. त्याच जाळून बुधवारी कपाळाला लावायची राख होते. प्लास्टिकची फुलं-रिबिनी काढूनच द्या; मागच्या खेपेस सॅक्रिस्टीत (वेदीलगतच्या खोलीत) नुसता धूर झाला होता.

दरवर्षीचा प्रश्न: उपवास कुणाला? १८ पूर्ण ते ५९ पूर्ण वयाच्यांना, राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला. एकच पोटभर जेवण, बाकी दोन वेळा थोडंसं. मांसवर्ज्य मात्र १४ वर्षांपासून पुढे सगळ्यांना. मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी उपाशी राहू नये. त्यांना सूट आहे, उगाच हट्ट नको.

मासे चालतात, हे खरं. पण मटण टाळून तळलेल्या पापलेटाचं ताट वाढायचं, ही आपली जुनी पळवाट! त्या दिवशी डाळभात करा आणि वाचलेले पैसे दाराशी ठेवलेल्या डब्यात टाका. ते गावातल्या आजारी माणसांच्या औषधांना जातील.

आणखी एक. या चाळीस दिवसांत निवडणुकीचे, दुसऱ्या धर्माला नावं ठेवणारे, खातरजमा न केलेले मेसेज या ग्रुपवर नकोत. ‘खोटी साक्ष देऊ नको’ ही आठवी आज्ञा मोबाइललाही लागू आहे.