डिफरन्शियलचा आवाज औषधाने दाबू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाहन पुरवणीतील प्रश्नोत्तरांच्या सदरात गेल्या शनिवारी एका वाचकाने विचारले होते की, त्याची मागच्या चाकांवर चालणारी वेगवान गाडी पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवली की मागून कटकट असा आवाज येतो, त्यावर उपाय काय? सदरकारांनी उत्तर दिले की, गाडीत लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे, पण एकट्या चाकाला गरगरू न देणारे यंत्र) असल्याने असा आवाज येऊ शकतो, आणि फ्रिक्शन मॉडिफायर नावाचे बाजारात मिळणारे औषध आवाज थांबेपर्यंत तेलात घालत जावे. या उत्तराचा पहिला भाग बरोबर आहे. दुसऱ्या भागाने मात्र गाडीचे नुकसान होते. चिंचवडला गेली 27 वर्षे मी गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल उघडण्या-बांधण्याचेच काम करीत आहे आणि हीच चूक एकदा माझ्या हातूनही झाली आहे, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकांना मिळणारा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, सारखाच असतो, त्यामुळे एक चाक ओल्या किंवा वाळूच्या जागेवर गेले की त्याला जेवढी पकड मिळते तेवढाच जोर कोरड्या चाकालाही मिळतो आणि गाडी जागच्या जागी चाक फिरवीत राहते. क्लच पद्धतीच्या लिमिटेड-स्लिपमध्ये घर्षणाच्या आणि साध्या पोलादी चकत्या एकाआड एक रचलेल्या असतात. त्यांच्यावर स्प्रिंगचा कायमचा थोडा दाब असतो, त्याला आम्ही प्रीलोड म्हणतो. अॅक्सिलरेटर दाबला की उतरत्या खाचांच्या कड्या फाकून या चकत्यांना आणखी आवळतात आणि दोन्ही चाके काही प्रमाणात एकमेकांना जखडली जातात. जुन्या पोर्श 911 मध्ये मिळणारे झेडएफ कंपनीचे डिफरन्शियल 40 टक्के लॉकचे असे, म्हणजे दोन चाकांच्या जोरात एकूण जोराच्या 40 टक्क्यांपर्यंत फरक पडून जोराची वाटणी जास्तीत जास्त 70 आणि 30 अशी होऊ शके. बीएमडब्ल्यूच्या ई30 मालिकेत ते 25 टक्क्यांचे होते, तिथे हीच वाटणी साडेबासष्ट आणि साडेसदतीस. ही सगळी करामत त्या चकत्यांच्या घर्षणावर चालते आणि घर्षणावर चालणारी वस्तू झिजतेच. ब्रेक पॅड झिजतो हे प्रत्येक मालक जाणतो. या चकत्या मात्र लोखंडी घरात, तेलात बुडालेल्या असतात, म्हणून त्या जन्मभर टिकतात असा समज रूढ झाला आहे.

आता आवाजाविषयी. वळणावर बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा जास्त फिरते, त्यामुळे चकत्यांना एकमेकींवर सरकावेच लागते. स्थिर असताना त्यांची पकड सरकतानाच्या पकडीपेक्षा जास्त असेल तर त्या धरतात, सुटतात, पुन्हा धरतात, आणि तीच कटकट आपल्याला ऐकू येते. फ्रिक्शन मॉडिफायर हा फरक कमी करतो आणि ठरलेल्या मात्रेत तो आवश्यकच आहे. फोर्डच्या ट्रॅक्शन-लॉक डिफरन्शियलला 4 औंस, म्हणजे सुमारे 118 मिलिलिटर, अशी मात्रा सांगितलेली असते. मात्रा सांगितली आहे ती यासाठीच की, त्यापुढे घातलेले प्रत्येक थेंबभर औषध चकत्यांची पकडच कमी करते. आवाज थांबेपर्यंत औषध घालायचे म्हणजे ज्या घर्षणासाठी हे महागडे डिफरन्शियल बसवले आहे तेच घर्षण आपल्या हाताने काढून टाकायचे. याहून महत्त्वाचे असे की, पूर्ण झिजलेले क्लच डिफरन्शियल बहुधा आवाजच करीत नाही. चकत्या पातळ होतात, स्प्रिंगचा दाब पोहोचेनासा होतो, आणि ते साध्या डिफरन्शियलसारखे मुकाट्याने फिरू लागते. कटकट करणाऱ्या गाडीच्या चकत्या पुष्कळदा उत्तम असतात, फक्त तेल चुकलेले किंवा जुने झालेले असते. आणि शांत गाडीच्या चकत्या केव्हाच संपलेल्या असू शकतात.

ही गोष्ट मी 2012 साली शिकलो. एका गृहस्थांनी नुकतीच घेतलेली सेकंड-हँड जर्मन कूपे माझ्याकडे आणली होती. आधीच्या मालकाच्या काळात कुठल्याशा गराजमध्ये ऑइल सील बदलताना त्यात साधे 90 नंबरचे तेल भरले गेले होते आणि त्या तेलावर गाडी बरीच धावली होती. तक्रार तीच, पार्किंगमधली कटकट. मी तेल बदलले आणि मॉडिफायरची एक बाटली घातली. आवाज कमी झाला, पण थांबला नाही, म्हणून मी आणखी एक घातली. मालक खूश होऊन गेले. वर्षभराने ते कोइमतूरच्या करी स्पीडवे या शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी पळवून परत आले तेव्हा सांगू लागले की, अरुंद वळणातून बाहेर पडताना आतले चाक नुसते गरगरते, ट्रॅक्शन कंट्रोलचा (चाक गरगरल्याची सूचना देणारा) दिवा सारखा मिचमिचतो, आणि मागचे ब्रेक पॅड दोन दिवसांतच निम्मे झाले. ड्रेन प्लग काढला तर तेलाला करपलेला वास होता आणि प्लगच्या चुंबकावर राखाडी चिखलाचा बोटाच्या पेराएवढा गोळा बसला होता. चकत्या बाहेर काढल्यावर पोलादी चकत्यांच्या कडा निळ्या पडलेल्या दिसल्या, आणि घर्षणाच्या चकत्यांवर तेल धरून ठेवणाऱ्या ज्या बारीक आडव्या-तिडव्या रेषा असतात त्यांवरून नख फिरवले तर कुठेही अडेना. ते डिफरन्शियल माझ्याकडे पहिल्यांदा आले तेव्हाच चकत्या करपलेल्या असणार. मी मोजमाप न करता फक्त आवाज बंद केला होता. त्या गृहस्थांच्या चकत्यांचे आणि मजुरीचे पैसे मी घेतले नाहीत.

त्यांच्या सांगण्यातला ब्रेक पॅडचा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण आजच्या गाड्यांत झीज लपते ती इथेच. चाक गरगरू लागले की इलेक्ट्रॉनिक ट्रॅक्शन कंट्रोल त्या एका चाकाचा ब्रेक लावते आणि डिफरन्शियलचे राहिलेले काम ब्रेककडून करून घेते. रोजच्या रस्त्यावर चालकाला काहीच जाणवत नाही. मागच्या पॅडची झीज समोरच्या पॅडशी विसंगत वाटू लागली, किंवा ताम्हिणीसारख्या घाटात वळणातून बाहेर पडताना दिवा पूर्वीपेक्षा लवकर मिचमिचू लागला, की डिफरन्शियलकडे वळून पाहावे. प्रीलोड गेला म्हणजे आणखी एक होते. आतले चाक जमिनीवरून उचलले गेले किंवा अगदी निसरड्यावर आले तर त्याला विरोधच उरत नाही, विरोध नाही म्हणून खाचांच्या कड्या फाकत नाहीत, आणि कड्या फाकत नाहीत म्हणून चकत्याही आवळल्या जात नाहीत. अगदी ज्या क्षणासाठी हे यंत्र घेतलेले असते त्या क्षणी ते हजर नसते.

म्हणून आवाजावरून अंदाज बांधण्यापेक्षा मोजावे. हे मोजमाप अवघडही नाही. गाडी सपाट जागेवर घ्यावी, पुढच्या चाकांना ठोकळे लावावेत, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, हँडब्रेक सोडावा आणि मागचे एकच चाक जॅकने उचलून घोडीवर टेकवावे. उचललेल्या चाकाच्या हबवर, म्हणजे मधल्या भागावर, टॉर्क पाना (लावलेला जोर आकड्यात दाखवणारा पाना) लावून ते सावकाश फिरवावे. चाक हलू लागते तेव्हा पान्यावर दिसणारा आकडा हा त्या डिफरन्शियलचा सुटण्याचा टॉर्क. फोर्डच्या ट्रॅक्शन-लॉकला हा आकडा निदान 27 न्यूटन-मीटर हवा असे मॅन्युअलमध्ये दिलेले असते. इतर गाड्यांचे आकडे वेगळे असतात आणि ते त्या त्या मॅन्युअलमधूनच घ्यावेत. मी स्वतः प्रत्येक गाडीचा आकडा तारखेसह वहीत लिहून ठेवतो, कारण एकदाच घेतलेल्या मापापेक्षा दोन वर्षांत तो किती उतरला यावरून जास्त कळते. एक सावधगिरी मात्र हवी. टॉर्सनसारख्या, फक्त गिअरांवर चालणाऱ्या डिफरन्शियलमध्ये क्लचच नसतात, त्यामुळे त्यांना ही कसोटी लागू पडत नाही आणि त्यांत मॉडिफायर घालण्याचे कारणही नसते. आपल्या गाडीत कोणते आहे हे आधी शोधून काढावे.

झीज वाढवणाऱ्या कारणांपैकी ज्याकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होते ते म्हणजे टायर. एक टायर पंक्चर होऊन फाटला की पुष्कळ लोक तेवढा एकच नवा घालतात. 265/35 आर 19 या मापाचा नवा टायर सुमारे 668 मिलिमीटर व्यासाचा असतो. जुन्या टायरची नक्षी 5 मिलिमीटर झिजलेली असेल तर व्यासात 10 मिलिमीटरचा फरक पडतो, आणि दर किलोमीटरला दोन चाकांत सात फेऱ्यांहून थोडा जास्त फरक राहतो. पुणे ते मुंबई दीडशे किलोमीटर धरले तरी हजारावर फेऱ्या झाल्या, त्याही सरळ रस्त्यावर, जिथे चकत्यांना सरकण्याचे काही कारणच नव्हते. मागचे दोन्ही टायर एकदमच बदलावेत, एवढे एक पथ्य पाळले तरी कितीतरी डिफरन्शियल वाचतील.

तेलाविषयी थोडेच लिहितो. ‘आयुष्यभराचे तेल’ हा शब्द मी मान्य करीत नाही, कारण चकत्यांची झिजलेली धूळ जाते ती त्याच तेलात, आणि मॉडिफायरही उष्णतेने निकामी होत जातो. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांचे मागच्या डिफरन्शियलचे तेल पहिल्या 2000 किलोमीटरच्या सर्व्हिसलाच बदलतात, यावरून सुरुवातीच्या घासणीत किती माल तेलात उतरतो याची कल्पना यावी. रस्त्यावरच्या गाडीचे तेल मी दर 40 हजार किलोमीटरला बदलतो. ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीचे तेल हंगामातून निदान एकदा बदलावे. पोर्श 911 सारख्या गाडीत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच तेलात असतात, तिथे तर मनाने मॉडिफायर ओतूच नये. गिअर पडताना सिंक्रोनायझरच्या (गिअरांचा वेग जुळवून देणाऱ्या) कड्यांनाही घर्षण लागते आणि ते गेले की गिअर खरखरू लागतात. नव्या चकत्या बसवताना त्या तेलात भिजवून बसवाव्यात, आणि नंतर मोकळ्या मैदानावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गाडी अर्धा तास सावकाश फिरवून त्या एकमेकींना रुळू द्याव्यात. ते तेल काढून टाकून नवे भरल्यावरच गाडी मालकाच्या हाती द्यावी.

माझी विनंती एवढीच की, येत्या पुरवणीत त्या उत्तराची दुरुस्ती छापावी. मूळ प्रश्न विचारणाऱ्या वाचकाने अजून औषध घातले नसेल तर आधी तेल कोणते आहे ते तपासावे, कंपनीने सांगितलेले तेल आणि सांगितली तेवढीच मात्रा भरावी, आणि आठ-दहा पूर्ण वळणे सावकाश घेतल्यावरही कटकट राहिली तर टॉर्क पाना लावून आकडा घ्यावा. त्यांनी आधीच दोन-तीन बाटल्या ओतल्या असतील तर ते सगळे तेल काढून पुन्हा भरावे आणि मगच मोजावे. नाहीतर येणारा आकडा चकत्यांचा आहे की औषधाचा, ते कुणालाच सांगता येणार नाही.

आपला,
गिअरबॉक्स दुरुस्ती करणारा एक वाचक,
चिंचवड, पुणे