ज्याच्या जागेवर डोळा, त्याच्याच हाती चेंडू

बोई, मेरिलँड
रविवार, 4 ऑगस्ट 2024

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर लिहायला दोनदा बसलो आणि दोनदा उठलो. आज काहीही झालं तरी पुरं करायचं असं ठरवूनच बसलोय.

छकुलीच्या क्रिकेट शिबिरात किपर दोन आणि जागा एक, त्यात दोघींना खोलीही एकच, हे वाचलं. तुझा राग मात्र निवड करणाऱ्यांवर नाही, पोरीवर आहे. तिनं त्या दुसऱ्या मुलीला लेग साइडच्या फिरकीवर पाय कसे हलवायचे ते स्वतः उभं राहून दाखवलं, म्हणून. "एवढा कर्णाचा अवतार कशाला?" असं तू लिहिलंस. आणि खाली, "तू तिकडे कसला तो बेसबॉल बघत बसतोस, त्यात असलं काही चालतं का?"

चालतं. गेली दोन वर्षं मी दुसरं काही बघतच नाही म्हटलंस तरी चालेल.

आमच्या घरापासून दहा मिनिटांवर, हायवेच्या कडेला, बेसॉक्सचं मैदान आहे. बेसॉक्स म्हणजे बाल्टिमोर ओरिओल्सचा खालचा संघ. इथे प्रत्येक मोठ्या संघाखाली असे चार संघ असतात. ओरिओल्सच्या पायऱ्या अशा : डेल्मार्वा, ॲबरडीन, मग आमचं बोई, मग व्हर्जिनियातलं नॉरफोक, आणि सगळ्यात वर बाल्टिमोर. बोईहून बाल्टिमोरचं मैदान गाडीनं तासाभराच्या आत येतं. काही पोरांना हा रस्ता काटायला तीन वर्षं लागतात, बहुतेकांना तो कधीच काटता येत नाही. पैशांतलं अंतर सांगतो. गेल्या वर्षी खेळाडूंच्या संघटनेनं करार केला तेव्हा आमच्या पायरीवरच्या पोराचा किमान पगार वर्षाला 13,800 डॉलरवरून 30,250 डॉलर झाला. त्यात इथे कसंबसं भागतं. वर बाल्टिमोरला किमान पगार 7,40,000.

2022 च्या एप्रिलमध्ये थंडी हाडात शिरत होती. मी कानटोपी घालून थर्ड बेसच्या बाजूला बसायचो. (बेस म्हणजे बॅटरनं धावताना एकामागून एक गाठायचे टप्पे.) मैदानावर गनर हेंडरसन, जॉर्डन वेस्टबर्ग आणि जोई ऑर्टिझ. तिघेही मुळात शॉर्टस्टॉप. ही जागा सेकंड आणि थर्ड बेसच्या मधली. जमिनीलगत येणारे अवघड चेंडू तिथेच येतात आणि लांबचा थ्रोही तिथूनच करावा लागतो. शाळेत जो सगळ्यात चपळ, त्याला तिथे उभं करतात. म्हणून संघ पोरं निवडतात तेव्हा शॉर्टस्टॉपचीच रांग लागते, आणि पुढे कुणाला सेकंडला सरकवतात, कुणाला थर्डला. हेंडरसन अलाबामाचा, 2019 मध्ये शाळेतून थेट घेतलेला, दुसऱ्या फेरीत. ऑर्टिझ त्याच वर्षीचा, चौथ्या फेरीतला. वेस्टबर्ग 2020 चा. कोव्हिडमुळे त्या वर्षी निवडीच्या पाचच फेऱ्या झाल्या होत्या. आणि वर बाल्टिमोरला त्या जागेवर एकच माणूस उभा राहणार.

प्रशिक्षक त्यांना आलटून पालटून उभं करायचे. आज ऑर्टिझ शॉर्टला तर वेस्टबर्ग सेकंडला, उद्या हेंडरसन शॉर्टला आणि बाकीचे इकडे तिकडे. सामन्याआधीचा सराव बघायला मी मुद्दाम लवकर जायचो. तिथेच माझे डोळे उघडले.

डबल प्ले म्हणजे काय ते नीट सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे. फर्स्ट बेसवर धावणारा आहे. बॅटरनं चेंडू जमिनीवरून शॉर्टस्टॉपकडे मारला. शॉर्टस्टॉप तो उचलतो, सेकंड बेसवर धावत आलेल्या साथीदाराला देतो, तो बेसवर पाय ठेवून एकाला बाद करतो आणि वळून फर्स्टला फेकून दुसऱ्याला. स्कोअर लिहिणारे याला 6-4-3 म्हणतात, त्या जागांचे आकडे आहेत. चार सेकंदांच्या आसपास सगळं संपतं. आता त्या सेकंडवाल्याकडे बघ. त्याची नजर शॉर्टस्टॉपच्या हातावर असते, आणि धावणारा पूर्ण वेगानं, घसरत, त्याच्या पायाच्या दिशेनं येत असतो. तो त्याला दिसत नाही. चेंडू छातीच्या उंचीवर, वेळेवर आला तर तो घेऊन वळतो आणि निसटतो. गुडघ्याशी आला किंवा अर्धा क्षण उशिरा आला, तर त्याच्या पायाचं काय होईल ते सांगता येत नाही. घसरण्याचे नियम 2016 पासून कडक झाले, तरी धोका आहेच.

म्हणजे ज्याच्या जागेवर माझा डोळा आहे, त्याच्याच छातीवर मी चेंडू अलगद ठेवायचा. तोही असा, की त्याचं नाव होईल. रोज शंभरदा. मी त्या थंडीत मोजत बसायचो. चेंडू छातीवर. पुन्हा छातीवर. जवळ असेल तर खालून हळूच टाकलेला, लांब असेल तर मनगटानं दिलेला, पण छातीवरच.

पुढे त्यांचं काय झालं ते ऐक. हेंडरसन जूनमध्ये नॉरफोकला गेला आणि 31 ऑगस्टला क्लीव्हलँडमध्ये मोठ्या संघात उतरला. पहिल्याच सामन्यात होम रन, म्हणजे आपल्या षटकारासारखा फटका मारला, तोही इतक्या जोरानं फिरून की डोक्यावरचं हेल्मेट उडालं. पुढच्या वर्षी तो लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला, एकमतानं. वेस्टबर्गला मात्र 26 जून 2023 पर्यंत थांबावं लागलं. नॉरफोकला तो धावांचे ढीग घालत होता, आणि वर जागा नव्हती. यंदा तो ऑल-स्टार झाला. मी त्या बातमीचं कात्रण फ्रिजवर लावलंय. सगळ्यांत मला आवडणारा तोच. बोलणं कमी, आणि सेकंडला टाका, थर्डला टाका, काम चोख.

ऑर्टिझचे हात तिघांत सगळ्यात मऊ. चेंडू त्याच्या ग्लोव्हमध्ये शिरताना आवाजसुद्धा होत नसे. पण शॉर्टला हेंडरसन बसला, मागून आणखी पोरं आली, आणि या 1 फेब्रुवारीला त्याला मिल्वॉकीला देऊन टाकलं, कॉर्बिन बर्न्स नावाच्या अव्वल पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या बदल्यात. ऑर्टिझसोबत आणखी एक पिचर आणि निवडीतला एक हक्कही गेला. व्यवहार म्हणून चूक म्हणता येणार नाही, बर्न्स यंदा झकास टाकतोय. पण मला चार दिवस चैन पडलं नाही. समाधान एवढंच की तिकडे तो थर्ड बेसला रोज खेळतोय.

मागून आलेली पोरं म्हणजे जॅक्सन हॉलिडे, कॉनर नॉर्बी आणि कोबी मेयो. मेयो साडेसहा फुटांच्या घरातला, थर्डचा. हॉलिडे 2022 च्या निवडीत देशात पहिला. बाप मॅट हॉलिडे स्वतः मोठा खेळाडू, 2011 मध्ये सेंट लुइसकडून जगज्जेता झालेला. या पोरानं गेल्या वर्षी एका हंगामात चारही पायऱ्या चढल्या, डेल्मार्वापासून नॉरफोकपर्यंत, एकोणिसाव्या वर्षी. आमच्या बोईत तो जेमतेम उन्हाळाभर होता. शॉर्टला हेंडरसन, म्हणून याला सेकंड शिकवलं. आणि नॉर्बी मुळातच सेकंडचा. बारकासा, दणकट पाठीचा, ईस्ट कॅरोलायना विद्यापीठातून 2021 मध्ये दुसऱ्या फेरीत आलेला. नॉरफोकला तो वर्षभर चांगली फलंदाजी करत होता. त्याच्या पुढ्यात हा मुलगा आणून ठेवला.

या 10 एप्रिलला हॉलिडेला बॉस्टनमध्ये उतरवलं. सगळ्या शहराचे डोळे त्याच्यावर. आणि बाळ्या, 34 वेळा बॅट घेऊन उभा राहिला त्यात दोनच हिट, 18 वेळा तीन स्ट्राइक होऊन बाद. जेमतेम सोळा दिवस झाले, आणि 26 एप्रिलला परत नॉरफोकला. विसाव्या वर्षी अख्ख्या देशासमोर असं व्हायचं! मी त्या रात्री जेवलो नाही, बायको म्हणाली, "तुमचा कोण लागतो तो?"

परत गेला तो कुठे, तर नॉर्बीच्याच संघात. एकाच डगआउटमध्ये दोघे सेकंडवाले. मी जूनमध्ये मुद्दाम चार तास गाडी चालवून नॉरफोकला गेलो, नदीकाठचं मैदान आहे, पलीकडे गोदीतल्या क्रेन दिसतात. सराव बघत उभा राहिलो. तेच. चेंडू छातीवर.

आणि आता हा आठवडा. मंगळवारी, 30 जुलैला, नॉर्बीला मायामीला देऊन टाकलं, एका डावऱ्या पिचरसाठी, नॉर्बीसोबत स्टॉवर्स नावाचा आउटफिल्डरही गेला. मोठ्या संघात नॉर्बीला यंदा जेमतेम काही सामने मिळाले होते. दुसऱ्याच दिवशी हॉलिडेला वर बोलावलं. त्याच दिवशी बेस भरलेले असताना त्यानं चेंडू उजव्या बाजूच्या भिंतीवरून थेट युटॉ स्ट्रीटवर धाडला. स्टेडियमच्या आतलीच ती गल्ली, तिथे चेंडू पडला की फरशीत पितळी खूण बसवतात. पहिलाच होम रन, तोही ग्रँड स्लॅम, एका फटक्यात चार धावा. मी टीव्हीपुढे उभा राहून ओरडलो. आणि त्याच सामन्यात वेस्टबर्गच्या उजव्या हातावर चेंडू बसून हाड मोडलं. माझा वेस्टबर्ग. शुक्रवारी मेयोला वर घेतलं. एक उठला, एक मोडला, एक गेला, एक आला, आणि हे सगळं चार दिवसांत. आनंद कुणाचा करायचा आणि वाईट कुणासाठी वाटून घ्यायचं, कळेना.

तुला अमोल मुजुमदार आठवणारच. 1988 साली आझाद मैदानावर सचिन आणि कांबळी 664 धावांची भागी करत होते, आणि हा पॅड बांधून दोन दिवस बसून राहिला. पुढे मुंबईसाठी पहिल्याच रणजी सामन्यात 260, कारकिर्दीत अकरा हजारांवर धावा, आणि कसोटी एकही नाही. त्याच्या पुढे रांगेत द्रविड, सचिन, लक्ष्मण, सौरव. आपण त्याच्यासाठी किती हळहळायचो. आज तोच भारताच्या महिला संघाचा प्रशिक्षक आहे, म्हणजे छकुली आणि तिची मैत्रीण ज्या दाराकडे बघतायत त्या दारात तो उभा आहे. मला ही गोष्ट फार धीराची वाटते.

आता ज्यासाठी दोनदा उठलो ते लिहितो.

1989 चा डिसेंबर, कॉलेजच्या निवडीचा सामना. मधल्या फळीत एकच जागा उरली होती आणि आपण दोघं होतो. मी कव्हरला. त्यांनी चोरटी धाव घेतली, बोलर पुढेच राहिला, आणि तू मिड-ऑनवरून धावत स्टंपांपाशी आलास. फलंदाज अर्ध्यात होता. मला भरपूर वेळ होता, बाळ्या. छातीवर दिला असता तर तू बेल्स उडवून मोकळा झाला असतास आणि सगळे तुझ्या चपळाईबद्दल बोलले असते. मी तो तुझ्या पायाशी जोरात मारला. टप्पा पडून उसळला आणि तुझ्या बोटावर बसला. बोट सुजलं, दुसऱ्या दिवशी तुला बॅट धरवेना, आणि जागा मला मिळाली. "मैदानच तसलं, चेंडू उडाला," असं सगळे म्हणाले. तूही म्हणालास. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालास.

चेंडू मैदानामुळे उडाला नाही. हात सोडताना मला माहीत होतं मी काय करतोय. पस्तीस वर्षं मी हे कुणाला बोललो नाही, बायकोलासुद्धा. बोईच्या त्या थंडीत ऑर्टिझनं वेस्टबर्गला पहिल्यांदा चेंडू दिलेला पाहिला तेव्हा घशात काहीतरी अडकलं, ते तेव्हापासून तसंच आहे. मी तिथे इतक्यांदा का जातो ते मला तुझं पत्र वाचताना उमगलं.

म्हणून छकुलीला रागावू नकोस, एवढंच मागतो. तिनं काय केलं ते तिला नीट कळलेलं आहे. माझ्यापेक्षा तर फारच.

तिच्यासाठी ओरिओल्सची टोपी पाठवतोय, त्या दुसऱ्या मुलीसाठीही एक आहे. दोन्ही सारख्याच घेतल्यात. वहिनींना नमस्कार सांग.

त्या थ्रोबद्दल तू काही लिहिलंस तर वाचेन, नाही लिहिलंस तरी चालेल. निवड कधी आहे ते मात्र लगेच कळव.

तुझा,
बंडू