आधी कोर्टात, मग घरी

अमळनेर

प्रिय आप्पा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. केळीचा भाव, नातवाची बारावी आणि तुझे गुडघे हे सगळे चार ओळींत उरकून बाकीचे अख्खे पत्र तू लंडनच्या शमीमा बेगमवर खर्च केलेस. परदेशात जाऊन अतिरेकी संघटनांना मिळालेल्या पोरापोरींना परत येऊ द्यावे का, यावर तुझा निकाल एका वाक्याचा आहे : ‘गयात, त्यासले तठेच ऱ्हाऊ द्या.’ उभा जन्म कोर्टाच्या व्हरांड्यात गेलेल्या माणसाला एका वाक्याचा निकाल पचत नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आधी त्या मुलीचेच प्रकरण घेऊ. फेब्रुवारी २०१५ मध्ये ती पंधरा वर्षांची असताना दोन मैत्रिणींसोबत लंडनहून तुर्कस्तानमार्गे सीरियात गेली आणि तिथे इसिस या अतिरेकी संघटनेच्या एका लढवय्याशी तिचे लग्न लागले. २०१९ मध्ये एका पत्रकाराला ती निर्वासितांच्या छावणीत सापडली, तेव्हा आधीची दोन मुले गमावून ती तिसऱ्यांदा गरोदर होती. त्याच महिन्यात ब्रिटनचे गृहमंत्री साजिद जाविद यांनी तिचे नागरिकत्व काढून घेतले आणि पुढच्या महिन्यात तिचे ते तिसरे बाळही छावणीतच दगावले. ब्रिटनच्या कायद्यानुसार जन्माने ब्रिटिश असलेल्या कोणालाही पूर्णपणे देशहीन करता येत नाही. त्यावर सरकारची पळवाट अशी की, आईबापांच्या मुळामुळे ती बांगलादेशाचीही नागरिक ठरते. बांगलादेशाने ‘ही आमची नव्हे’ म्हणून हात वर केले. जी मुलगी लंडनमध्ये जन्मली, तिथल्या शाळेत शिकली आणि तिथेच मोबाईलवर बिघडली, तिचा हिशेब ढाक्याने का चुकता करावा, हे मला कोणी समजावून सांगितलेले नाही. खालच्या न्यायाधिकरणाने तर ती शोषणासाठी फूस लावून नेली गेल्याचा सबळ संशय मान्य केला, तरी निर्णय सरकारच्याच बाजूने दिला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तिचे अपील दाखल करून घ्यायलाही नकार दिला.

तुझा राग मला परका नाही. इसिसने इराकमधल्या यझिदी या अल्पसंख्य समाजाच्या बायकांचा बाजार मांडला, माणसांचे गळे चिरून त्याची चित्रफीत जगाला दाखवली. अशा टोळीत स्वतःच्या पायांनी गेलेल्यांविषयी पान्हा फुटावा, असे मी म्हणणार नाही. त्या मुलीने पहिल्या मुलाखतीत बादलीतली मुंडकी पाहून आपण जराही हादरलो नाही असे सांगितले, तेव्हा माझ्याही कपाळाला आठी पडलीच. पण त्या यझिदी बायकांची बाजू तू ज्या तळमळीने मांडतोस, तिचाच धागा धरून मी विचारतो की, त्यांना न्याय कोणी दिला? जर्मनीने दिला. इराकमधल्या फलुजामध्ये २०१५ च्या उन्हाळ्यात एका इसिसवाल्याने पाच वर्षांच्या यझिदी मुलीला उन्हात साखळीने बांधून ठेवले आणि ती तहानेने मेली. त्याची बायको जर्मन होती. तुर्कस्तानने २०१६ मध्ये तिला मायदेशी धाडले आणि पुढे म्युनिकमध्ये तिच्यावर खटला उभा राहिला. मेलेल्या मुलीच्या आईने कोर्टात येऊन साक्ष दिली. बायकोला आधी १० वर्षे आणि नंतर वाढवून १४ वर्षे शिक्षा झाली. नवऱ्याला ग्रीसमधून आणून फ्रँकफर्टच्या न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये वंशसंहाराबद्दल जन्मठेप ठोठावली. यझिदींच्या वंशसंहाराबद्दल दोषी ठरलेला जगातला हा पहिलाच माणूस. ही बाई आज वाळवंटातल्या तंबूत बसून असती, तर त्या आईने आपली कैफियत कोणापुढे मांडली असती?

माणसाला झाडाची उपमा देऊ नये, पण रावेर-यावलकडचा तू, तुला चटकन कळेल म्हणून देतो. केळीवर सीएमव्ही हा विषाणूरोग पडला की रोगट झाड उपटून खड्ड्यात गाडणारा शेतकरी वेगळा आणि तेच झाड शेजाऱ्याच्या बांधावर फेकून मोकळा होणारा वेगळा. मार्च २०१९ मध्ये बाघूझ हे इसिसचे सीरियातले शेवटचे ठाणे पडल्यावर तिथल्या अल-होल छावणीत सत्तर हजारांवर माणसे कोंबली गेली, त्यांत बहुसंख्य बायका आणि मुले. ती सांभाळायची जबाबदारी आली कुर्दांवर, ज्यांनी इसिसशी लढताना स्वतःची हजारो पोरे गमावली. पैसा, तुरुंग, न्यायाधीश, मानसोपचार हे सगळे ज्या देशांकडे आहे, त्यांनी आपली माणसे कुर्दांच्या बांधावर टाकली आणि वर ‘देशाच्या सुरक्षेसाठी’ असे म्हटले. त्यांच्या मानाने गरीब कझाकस्तानने त्याच वर्षी विमाने पाठवून शेकडो बायकामुले परत नेली आणि लढायला गेलेल्या पुरुषांवर खटले भरले.

तू पॅरिसचा दाखला देशील याची खात्री आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये १३० माणसे मारणाऱ्यांत सीरियातून परतलेले युरोपीय तरुण होते. २०१४ मध्ये ब्रुसेल्सच्या ज्यू संग्रहालयात चौघांना मारणाराही सीरियातूनच आलेला. हे खरेच आहे. फक्त ते कोणत्या वाटेने आले, तेही पाहा. सरकारने विमानतळावर उतरवून, बोटांचे ठसे घेऊन, बेड्या घालून आणलेले ते नव्हते. ते आडवळणाने, आपले आपण आले. आपण दाराला कुलूप लावले म्हणून ज्याला यायचेच आहे तो थांबत नाही, फक्त तो कधी आला हे आपल्याला कळत नाही.

आता आपल्या देशाकडे येतो. जन्माने भारतीय असलेल्याचे नागरिकत्व सरकारला असे काढून घेता येत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात ती तरतूद मुख्यतः नोंदणीने किंवा देशीयकरणाने नागरिक झालेल्यांसाठी आहे, आणि दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे नसल्याने ‘दुसऱ्या देशात जा’ म्हणण्याची ब्रिटिश युक्तीही चालत नाही. मला आपला कायदा इथे जास्त प्रामाणिक वाटतो. मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण इराककडे गेले; त्यांतला एक सहा महिन्यांत परत आला आणि एनआयएने त्याला ताब्यात घेतले. इथवर सगळे रीतसर झाले. पण त्याचा खटला इतका रेंगाळला की सहा वर्षांहून अधिक काळ तो कच्चा कैदी राहिला आणि २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने त्याचा जामीन कायम केला. परत घेण्याच्या बाजूने बोलताना मला अडचण होते ती इथे. युद्धभूमीवरचा पुरावा आणि परदेशी साक्षीदार जमवणे कठीण असते हे मान्य. तरी सहा वर्षांत निकालच लागत नसेल, तर तो दोषी असो वा निर्दोष, दोघांवरही अन्यायच.

याहून वाईट गोष्ट केरळची. २०१६ मध्ये तिथली काही कुटुंबे अफगाणिस्तानात गेली, नवरे मेले आणि विधवा लेकराबाळांसह काबूलच्या तुरुंगात पडल्या. त्यांतल्या एकीच्या बापाने तिला परत आणावे म्हणून सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्याच्या अर्जावर आठ आठवड्यांत निर्णय घ्या, असे न्यायालयाने केंद्राला सांगितले ते जानेवारी २०२२ मध्ये. तोवर तालिबानने काबूल घेऊन तुरुंगांची दारे उघडून पाच महिने होत आले होते. ज्या मुलांचा जन्मच तिकडे झाला, त्यांनी कोणत्या संघटनेत नाव नोंदवले होते, आप्पा? निदान त्यांना तरी सर्वांत आधी आणायला हवे होते.

वयाचा मुद्दा तू ‘पंधराची काय आणि पंचविसाची काय’ म्हणून उडवून लावलास. बालगुन्हेगारांच्या प्रकरणांत शाळा सोडल्याचा दाखला दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून आणणारे बाप मी किती पाहिले असतील. दाखल्यावर जन्मतारीख हमखास एक जून, कारण नाव घालताना गुरुजींनी तीच टाकलेली. आणि त्या तारखेवर मुलगा बाल न्याय मंडळापुढे जाणार की सेशन कोर्टात, हे ठरायचे. पंधराव्या वर्षी कोणताही गुन्हा केलेल्या मुलावर आपल्या कायद्याने प्रौढ म्हणून खटला चालत नाही. चोरीला आणि खुनाला जो नियम आपण लावतो, तो परदेशी जाताच बदलावा, असे म्हणायचे असेल तर त्याचे कारण द्यावे लागेल. डिसेंबर २०१५ मध्ये पुण्याची सोळा वर्षांची एक मुलगी इसिसच्या जाळ्यात ओढली गेली, तेव्हा एटीएसने तिला तुरुंगात न टाकता घरच्यांना आणि धर्मगुरूंना सोबत घेऊन समजावले. ती अजून निघाली नव्हती, एवढाच तिच्यात आणि लंडनच्या पोरीत फरक.

शिवाय शरण आलेल्या नक्षलवाद्यांना आपलेच राज्य २००५ पासून पैसे, घर आणि काम देत आले आहे. त्यांनी आपल्याच पोलिसांवर बंदुका चालवल्या होत्या. त्या धोरणाला तू कधी विरोध केल्याचे मला आठवत नाही. उलट गडचिरोलीची बातमी आली की तूच ‘बरे झाले’ म्हणतोस. मग दाढी आणि पासपोर्ट दिसताच आपला हिशेब का बदलतो, हे तू एकदा स्वतःला विचार. रागावू नकोस, तुला हे स्पष्ट सांगायचा हक्क मला चाळीशी उलटलेल्या मैत्रीने दिला आहे.

आता तू विचारशील की, असा मुलगा शिक्षा भोगून आला, तर नाना, तुझ्या वरच्या दोन खोल्या त्याला भाड्याने देशील का? मी देईन म्हणतो, ठाण्यात भाडेकरूची रीतसर नोंद करून. तुझी वहिनी मात्र साफ नाही म्हणते. खाली तिच्या शिकवणीला मुले येतात आणि त्यांच्या आयांना ती काय सांगणार, हा तिचा प्रश्न आहे. त्यावर आमचे रोज वाजते. पुढच्या महिन्यात येशील तेव्हा तू तिची बाजू घेशील हे मला माहीत आहे, म्हणून माझे म्हणणे आधीच लिहून ठेवले.

घरी सर्वांना नमस्कार. नातवाला निकालाची चिंता करू नकोस म्हणावे.

तुझा,
नाना