चि. अनिकेतास

तासगाव

चि. अनिकेत,

अनेक आशीर्वाद.

पोचल्याचा फोन आला, बरं वाटलं. तूप सांडलं का ते आईला कळव, ती विचारत बसलीय. हॉस्टेलला परत जायचं तू स्वतःहून ठरवलंस, याचं केवढं कौतुक वाटलं ते बोलायचं राहिलं, कारण स्टँडवर आपलं वाजलं. "स्किझोफ्रेनियानं मेंदू आकसतोच आहे आणि गोळ्यांनी आणखी आकसतो, मग घेऊ कशाला?" एवढं म्हणालास आणि एसटी सुटली. गोळ्यांचा विषय पत्रात काढायचा नाही असं ठरवून लिहायला बसलोय.

तू वाचलेलं सगळं ताईकडून समजून घेतलं. ते खोटं नाही. १९७६ मध्ये लंडनच्या डॉक्टरांना सीटी स्कॅनवर बरीच वर्षं हा आजार असलेल्या रुग्णांच्या मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या मोठ्या झालेल्या दिसल्या. २००१ मध्ये अमेरिकेत किशोरवयीन रुग्णांचे पाच वर्षांत पुन्हा पुन्हा एमआरआय काढले, तर करड्या भागाची झीज मागून पुढे सरकत गेली होती. पण बाळा, त्या मुलांना आजार बाराव्या वर्षापर्यंतच लागलेला. तो प्रकार फार दुर्मीळ. तुझं विसाव्या वर्षी सुरू झालं. शिवाय हे सगळं सरासरीचं. एकट्या माणसाचा स्कॅन बघून हा आजार आहे की नाही हे कुणी सांगू शकत नाही. तुझा एमआरआय गाठबिठ नाही ना हे बघायला काढला होता, आणि तो नॉर्मल आला.

मला एक गोष्ट चांगली कळली, कारण जन्म द्राक्षबागेत गेला. वयात येताना सगळ्यांच्याच मेंदूत पेशींमधले जादा जोड छाटले जातात, पंचविशीपर्यंत हे चालतं. या आजारात ती छाटणी जादा होत असावी असा अंदाज आहे. २०१६ मध्ये बोस्टनच्या शास्त्रज्ञांनी सी४ नावाच्या जनुकाशी त्याचा संबंध दाखवला. दिवाळीच्या सुट्टीतली फळछाटणी आठवते? आठवीत होतास. काडीवरचे डोळे मोजून मगच कात्री लावायचास, आणि गडी म्हणायचे, मालकाचा पोरगा एका वेलाला अर्धा तास घेतो. त्या ओळीचे घड मी बापूंना मुद्दाम नेऊन दाखवले होते, तुला कधी सांगितलं नाही. छाटणी जादा झाली म्हणून आपण वेल उपटत नाही. पाणी-खत जपतो, नवी काडी येते.

आता गोळ्या. २०११ च्या अमेरिकेतल्या आयोवाच्या अभ्यासात जास्त औषध घेणाऱ्यांची झीज थोडी जास्त दिसली, हे तुझं बरोबर. पण त्यांनी डोस जपून ठरवा म्हटलं, सोडा म्हटलं नाही. आणि २०१२ मध्ये ६५ चाचण्या एकत्र करून बघितल्या, तेव्हा वर्षभरात औषध चालू असलेल्यांपैकी शंभरात २७ जणांचा आजार उलटला, बंद केलेल्यांपैकी ६४ जणांचा. चौसष्ट, अनिकेत. तू स्टॅटिस्टिक्सचा विद्यार्थी, मी काय सांगणार.

बघ, भाषण झालंच. रागावू नकोस. आजारात विहिरीवरची मोटर तुझं नाव घेतेय असं ऐकू आलं म्हणून तू मध्यरात्री एकटा जाऊन स्टार्टर बंद करून आलास, अनवाणी. आई अजून रात्री मोटर लावू देत नाही. लाईट रात्रीचीच असते, पाणी चुकतं, पण मी काही बोलत नाही.

हात थरथरतात, सकाळी डोळे उघडत नाहीत, वजन वाढलंय, हे मला दिसतं. तू आळशी झालास असं सुरेशमामा म्हणाला तेव्हा मी जेवणावरून उठलो होतो. पुढच्या वेळी डॉक्टरांना सरळ विचार की डोस कमी होईल का, दुसरं औषध आहे का. हवं तर मी येतो, बाहेर बसेन. तुझी बाजू तूच मांड, ते ऐकून घेतात. फक्त तोपर्यंत रात्रीची चुकवू नकोस. परत तेच लिहिलं, पण खोडत नाही.

परीक्षेची फी सोमवारी भरतो. राहुलचा नंबर ताईला दे.

तुझे,
आप्पा